आबांची पाळी आणि मोबाईलवरचा गोल्फ

ओल्या बोटानं मोबाईलवर गोल्फ खेळू नये. काचेवर पाण्याचा एक थेंब असला तरी चेंडू भलतीकडे जातो, आणि पिरंगुटला आषाढात कोरडं बोट मिळणं मुश्कील. दोरीवरचे कपडे दिवसचे दिवस ओलेच. टॉवेलला हात पुसावा तर टॉवेलच आपल्याला ओला करतो. मी बोट गॅसच्या शेगडीजवळ धरते, उशीच्या अभ्र्याला घासते आणि मग खेळायला बसते. हा माझा पहिला सल्ला. कुणी मागितलेला नाही, तरी देते. घरात माझं कुणी ऐकत नसलं तरी या खेळात मला कळतं, एवढं सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

खेळ अगदी साधा. हिरवं मैदान, पांढरा चेंडू, लांब कुठंतरी एका भोकात रोवलेला झेंडा. चेंडूवर बोट ठेवायचं आणि मागं ओढायचं. ठिपक्यांची रेघ उमटते, तिच्यावरून नेम धरायचा आणि बोट सोडायचं. जितकं जास्त ओढाल तितका चेंडू लांब जाणार. मधे वाळू असते, तळं असतं, कधी आडवी भिंत असते. वरच्या कोपऱ्यात एक लहानसा बाण असतो, तो वारा. कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालायचा, बाकी काही नाही. बिनडोक खेळ आहे असं किरण म्हणतो. किरण माझा नवरा. त्याला तो जमत नाही, म्हणून म्हणतो.

यंदाही पाऊस तसाच लागून राहिलाय. खिडकीतून समोरच्या कंपनीचे पत्रे दिसतात आणि दिवसभर त्यांच्यावर तडतड चालू असते. शनिवार-रविवारी खालच्या रस्त्यानं ताम्हिणीला भिजायला निघालेल्यांच्या गाड्या, काचा खाली करून मोठ्यानं लावलेली गाणी. इथं भिजून भिजून आमच्या भिंतींना पोपडे आलेत आणि ही मंडळी भिजायला म्हणून सुट्टी काढून येतात. कपाट उघडलं की बुरशीचा आणि डांबरगोळ्यांचा वास येतो, चपला दाराशी कुबट वास मारत पडलेल्या असतात. हा वास नाकात गेला की मला आबांचा आमच्या घरातला तो पहिला पावसाळा आठवतो. आठवला की अजूनही अंगाचा तिळपापड होतो, आणि तरी मी तो परत परत आठवते.

आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर दोघा भावांनी आबांची वाटणी केली. आमच्याकडं हे काही नवीन नाही. शेत वाटतात, भांडी वाटतात, तसं म्हातारं माणूसही वाटून घेतात, आणि त्याला पाळी म्हणतात. हिवाळ्यातला म्हातारा कुणालाही चालतो, उन्हात बसवला की दिवसभर बसतो. उन्हाळ्यातलाही चालतो, अंगणात झोपतो. पावसाळ्यातला कुणाला नको. त्याची खाट घरात लागते, खोकला घरात लागतो, लंगोट घरातच वाळत घालावे लागतात आणि तोंड दिवसभर चालू असतं. म्हणून दर अक्षय तृतीयेला पावसाळ्यापुरत्या चिठ्ठ्या टाकायच्या. जेवणं झाली की तिथंच, खरकट्या ताटांच्या पुढ्यात. ज्याच्या नावाची निघेल त्याच्याकडं आबा. चिठ्ठी उचलायची आबांनीच. ते उचलायचे आणि न उघडता थोरल्याच्या हातात द्यायचे.

थोरले माझे दीर, दत्तादादा. ते गावी राहतात, ताम्हिणीच्या अलीकडं. भाताची खाचरं आहेत, पण खरं पीक पावसाळ्यातल्या पाहुण्यांचं. घराला वर खोल्या चढवल्यात. पुण्याची माणसं येतात, धबधबा बघतात, भजी खातात, फोटो काढतात आणि झोपतात. आबांची खोली त्यातली सगळ्यांत चांगली, खिडकीत अख्खा डोंगर उभा. हिवाळ्यात ती आबांची खोली असते आणि पाऊस लागला की ती व्ह्यूची खोली होते.

आणि आबांना नेमका पावसाळाच गावी काढायचा असायचा. त्यांचं सगळं वर्ष आवणीसाठी होतं. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायचे दिवस. डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन बांधावर उभं राहायचं आणि लावणाऱ्या बायांना ओरडायचं, 'दाट लावताय, दाट लावताय.' बाया त्यांच्याकडं ढुंकून बघत नसत. पण त्या ओरडण्यासाठी म्हातारा आठ महिने घसा राखून ठेवायचा. आमच्या फ्लॅटमध्ये त्यांनी ओरडायचं कुणाला? तिसरा मजला, खाली पार्किंग.

त्यांना आमच्याकडं यायचं नव्हतं याला दुसरंही कारण होतं, आणि ते कारण म्हणजे मी. मी पौडची, तिथल्या बौद्ध वस्तीतली. लॅबमध्ये रक्त तपासते. नळीवर नाव आणि वय लिहिलेलं असतं, बाकी काही लागत नाही. किरणचं घर पाटलकीचं नसलं तरी तोरा पाटलाचा. आमच्या लग्नाला आबा आले नाहीत. पुढं येणं-जाणं सुरू झालं, पण माझ्या हातचं त्यांनी कधी खाल्लं नाही. पाणीसुद्धा नाही. हे कुणी कधी मोठ्यानं बोललं नाही. पुढं केलेला पेला तसाच राहायचा आणि थोड्या वेळानं कुणीतरी तो गुपचूप उचलून न्यायचं. मला बोलण्यापेक्षा त्या उचलून नेणाऱ्याचाच जास्त राग यायचा. बहुतेक वेळा तो किरण असायचा.

तर त्या वर्षी चिठ्ठी आमची निघाली. आबा आले, येताना स्वतःचा तांब्या घेऊन आले. नळाखाली स्वतः भरायचा, खाटेखाली ठेवायचा, वर वाटी झाकायची. नळ त्यांना चालत होता. त्यांचं जेवण किरण करायचा. माझ्या नवऱ्याला खिचडी येते, तीही तळाला लागलेली. सकाळी कंपनीत जायच्या आधी तो ती लावायचा आणि दुपारी आबा ती गार करपलेली खिचडी चमच्यानं खरवडून खायचे. 'असू दे गं, जुनं माणूस आहे,' किरण म्हणायचा. 'असू दे' म्हणणाऱ्या माणसांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं शिव्या देणाऱ्यांनी केलेलं नाही.

मी काय करायचे? मी सुकट भाजायचे. लसूण, लाल मिरची आणि सुकटीचा वास ओल्या घरात कसा भरून राहतो ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. वर तांदळाची गरम भाकरी. आबांना सुकट म्हणजे जीव की प्राण. मी ताट घेऊन त्यांच्यासमोरच बसायचे, चावून चावून जेवायचे. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली व्हायची. मुद्दाम करायचे मी हे. आज विचाराल तर आजही करीन. मला चांगली सून म्हणवून घ्यायची हौस नाही, ती जागा थोरल्या जाऊबाई मंगलवहिनींनी आधीच धरून ठेवलीय.

जेवण झालं की मी सोफ्यावर पाय वर घेऊन गोल्फ लावायचे. लॅब दुपारनंतरची, तोवर वेळ माझा. आबा खिडकीशी खुर्चीत. बाहेर बघण्यासारखं काही नाही, पत्रे आणि पाऊस. हळूहळू खुर्ची माझ्या बाजूला वळायला लागली. एक दिवस मी नेम धरून बसलेली, तर खुर्चीतून आवाज आला, "वारं उजवीकडनं हाय."

मी वर बघितलं. आबा खिडकीकडं तोंड करून बसलेले.

"मला सांगताय का?" मी विचारलं.

"खिडकीला सांगतुया," आबा म्हणाले.

वारा खरंच उजवीकडून होता. मी बाणाकडं बघितलंच नव्हतं. म्हणून हा दुसरा सल्ला, आणि तो माझा नाही: प्रत्येक फटक्याआधी बाण बघा. मागच्या फटक्याला वारा कुठून होता त्यावर जाऊ नका, तो मधल्या मधे फिरलेला असतो.

मग ते रोजचंच झालं. ते माझ्याशी बोलायचे नाहीत, चेंडूशी बोलायचे. "आरं बाबा, वाळूत कशापायी शिरतुयास?" "आता मुकाट्यानं मागं ये." वाळूतून पुढं जायची घाई करू नये हे मला असं कळलं. वाळूत अडकलात की सरळ उलटा फटका मारायचा, मागं यायचं, एक फटका वाया गेला तर गेला. लाजेपायी पुढं पुढं मारत राहणाऱ्याचा चेंडू तिथंच रुततो. भिंतीचंही तसंच. भिंत आली की माणूस तिच्यावरून उडवायला बघतो. आबा म्हणाले, "भितीला धडकव की. भित काय खातीया व्हय त्याला?" मी धडकवला, चेंडू भिंतीवरून उलटा फिरला आणि आपल्या पायानं गेल्यासारखा भोकात गेला.

त्यांना खेळातलं कळायचं, कारण त्यांचा जन्म पंच होण्यात गेलेला. आसपासच्या गावच्या जत्रांत कुस्त्यांच्या फडावर पंच म्हणून आबांना बोलावणं असायचं. स्वतःच्या भाच्याला त्यांनी भर फडात चीतपट दिला होता, बहीण वर्षभर बोलली नाही. पंचाला नातं नसतं असं ते सांगायचे, आणि ते सांगताना पाठ ताठ व्हायची. पंचाला नातं नसतं पण जात असते का, हे मी त्यांना विचारणार होते. विचारलं नाही, कारण तेव्हा त्या दुपारी मला आवडायला लागल्या होत्या.

हो, आवडायला लागल्या होत्या. खोटं कशाला बोलू? बाहेर धो धो पाऊस, घरात दोन माणसं एकमेकांकडं न बघता एकाच चेंडूकडं बघतायत. एका दुपारी अवघड मैदान होतं, मधे तळं, पलीकडं चढ. मी निम्मंच ओढलं, वाऱ्याच्या अंगानं सोडलं आणि चेंडू एका फटक्यात भोकात. आबांनी मांडीवर थाप मारली. "हां पोरी," ते म्हणाले.

म्हणाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते उठले, खाटेखालचा भरलेला तांब्या घेतला, मोरीत ओतला आणि पुन्हा भरायला नळाखाली लावला. पाणी भरून वाहत होतं तरी तिथंच उभे होते. मी पुढचं मैदान लावलं नाही. त्या दिवशी लॅबमध्ये सुई टोचताना मी कुणाला दुखवलं नाही, सगळे म्हणाले हात हलका आहे.

ताणून मारू नये, हा या खेळातला सगळ्यांत मोठा सल्ला. नवखा माणूस बोट जाईल तिथवर ओढतो. चेंडू झेंड्यावरून उडून जातो, भोक खालीच राहतं. निम्मं ओढायचं आणि उरलेलं मैदानाच्या उतारावर सोडायचं. माझं कौशल्य सगळं एवढंच आहे. दत्तादादांना हे कधी जमलं नाही. ते सगळ्याच बाबतीत ताणून मारणारे.

पुढच्या अक्षय तृतीयेला गावी जमलो. आंबरस झाला, चिठ्ठ्या आल्या, आणि दत्तादादा म्हणाले, "अवंदा चिठ्ठ्या मी घडी करणार. मागच्या साली किरन्यानं कोपरा दुमडला हुता." किरण म्हणाला, स्वतःचीच चिठ्ठी निघावी म्हणून कोण कोपरा दुमडेल? यावर दत्तादादा उभे राहिले. मग किरणही उभा राहिला. बापाला कोण सांभाळणार नाही यावरून दोन भाऊ एकमेकांच्या गळपट्टीला हात घालायच्या बेतात, आणि ज्याच्यावरून हे चाललंय तो माणूस ताटातली आंब्याची कोय चोखतोय. मंगलवहिनी ताटं उचलत होत्या.

"चिठ्ठ्या फाडा," आबा म्हणाले. "त्यो मोबाईलवरला गोल्प खेळा. दत्त्या, तू बी खेळतुयास न्हवं दिसरात? मंग झालं. हारंल त्यानं मला ठिवायचं. पंच मी."

आबांनी पंच म्हणून सांगितलं की त्या घरात विषय संपतो, लहानपणापासूनची सवय. किरण म्हणाला, "मला येत नाही. सुजाता खेळेल." सुजाता म्हणजे मी.

"बाई मानूस खेळनार?" दत्तादादा म्हणाले.

"मोबाईलला कळतंय व्हय बाई हाय का बाप्या?" आबा म्हणाले.

त्या वाक्यानं मी फसले. वाटलं, अख्खा पावसाळा या माणसानं माझा खेळ बघितलाय. दत्तादादा माझ्यापुढं टिकणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांना गावी राहायचंय आणि त्यासाठी त्यांनी भरवसा टाकलाय तो माझ्यावर. सख्खे लेक राहिले बाजूला आणि माझ्या बोटावर म्हातारा स्वतःला लावतोय. मला ते नकोच होते घरात, मला जिंकायचंच होतं. पण आता त्यांच्यासाठीही जिंकायचं होतं. छाती भरून आली माझी. काय वेडेपणा.

आबांनी तोंड धुतलं. खुंटीवरची टोपी घेऊन घातली, खाटेवर मांडी घालून बसले आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. मैदानं सारखीच, ज्यानं-त्यानं आपापल्या मोबाईलवर खेळायचं, फटका मारायच्या आधी पंचाला दाखवायचं. इथं एक सल्ला देते, तो मी तेव्हा दत्तादादांना दिला नाही: खेळताना मोबाईलवरचं विमानाचं चिन्ह दाबून ठेवावं. जाहिराती येत नाहीत, फोन येत नाहीत, कुणी मधे तडमडत नाही. मी दाबलं होतं. दत्तादादांना ते दाबणं परवडणारं नव्हतं, त्यांचे पाहुणे फोनवरच ठरतात.

पहिल्या मैदानावर ते ताणून मारून झेंड्याच्या पार गेले. दुसऱ्यावर वाळूत शिरले आणि तिथंच खणत बसले. पण मधेच त्यांना सूर सापडला, माझा एक चेंडू भिंतीवरून नको तिकडं फिरला, आणि शेवटच्या मैदानाला आलो तेव्हा दोघांचे फटके सारखे होते. मंगलवहिनी चहाचं ताट हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या. शेवटचं मैदान तळ्याचं. मी सावकाश खेळले, दोन फटक्यांत आत. दत्तादादांचा पहिला फटका सुरेख बसला होता. दुसरा अगदी समोर, तळ्याच्या काठाकाठानं, लहान पोरानंही घातला असता. तो गेला की बरोबरी, आणि परत एक मैदान. त्यांनी बोट ठेवलं, ओढलं, आणि फोन वाजला.

बोट सटकलं. दत्तादादांनी सवयीनं फोन घेतला आणि त्यांची भाषाच बदलली. "हो सर, बोला ना सर. पावसाळ्यात? आहे ना, वरची रूम, व्ह्यूची. हो, एकदम शांत. कोणी नाही राहात तिथं. करून टाकतो नक्की." फोन ठेवला तोवर चेंडू तळ्यात बुडून वर गोल गोल तरंग उठत होते.

"आबा, ह्यो फटका धरू नगा," दत्तादादा म्हणाले. "मधी फोन आला."

"पान्यात गेला न्हवं?"

"गेला, पन फोन—"

"मंग गेला. कुस्तीत शिंक आली म्हून परत धरत्यात व्हय? दत्त्या हारला."

मी आबांकडं बघत होते. मला वाटत होतं, आता एकदा तरी ते माझ्याकडं बघतील. मंगलवहिनी दारातूनच म्हणाल्या, "पन आबा, तुमी झोपनार कुटं? खोली तर आत्ताच दिली ह्यांनी." आवाजात राग नाही, काही नाही. कांदे कुठं ठेवू असं विचारावं तसं विचारलं.

आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवून तिची घडी केली. "पडवीत टाक," ते म्हणाले. "तितं जागा नसली तर गोठ्यात टाक. हिच्या हातचं पानी तोंडात पडन्यापरीस गुरांत बरा हाय मी."

माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. आवाज चढवला नाही. निकाल सांगितला तसंच तेही सांगितलं. माझ्या हातातल्या मोबाईलवर मैदान जिंकल्याचे रंगीत कागद उडत होते आणि टाळ्या वाजत होत्या, त्या बंद कशा करायच्या ते मला सुचेना. माझा एवढा खेळ त्यांनी बघितला, माझ्यावर भरवसा टाकला, सगळं खरं होतं. कशासाठी टाकला, ते मला ऐकायला लागलं. "असू दे, चल," किरण म्हणाला.

तो पावसाळा आबांनी पडवीत काढला. एका बाजूला खताची पोती, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांच्या चपला. वरच्या खोलीतली माणसं जाता-येता त्यांना 'काका, धबधबा कुठं आहे' विचारायची. आवणी झाली, बांधावर जाऊन ओरडायचं तेही झालं, ओलीनं छाती भरली तेही झालं. किरण रविवारी जायचा. मी गेले नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी गेले नसते. मी जिंकले होते. जिंकलेल्या माणसानं घरी बसावं.

यंदा चैत्रात आबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून दत्तादादांनी त्यांना थेट आमच्याकडं आणलं. ना चिठ्ठी, ना खेळ. "दवाखाना हितनं जवळ हाय. आता तुमी बघा," म्हणाले, आणि चहाही न घेता गेले. खाट पुन्हा त्याच खिडकीशी लागली. तांब्या यंदा आला नाही, भरणार कोण?

सकाळ-संध्याकाळ किरण भरवतो. दुपारी तो कंपनीत, तेव्हा मी. पहिल्या दुपारी मी मऊ भात कालवला, तूप घातलं, पाठीशी उशी लावली आणि चमचा तोंडाशी नेला. आबांनी ओठ मिटले. मान जमेल तेवढी खिडकीकडं नेली. त्यांच्या अंगात हलण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही, आणि जे उरलंय त्यात त्यांनी हे ठेवलंय. मी विनवण्या केल्या नाहीत. वाटी स्टुलावर ठेवली, सोफ्यावर पाय वर घेतले आणि गोल्फ लावला. त्यांना चेंडू दिसेल असा मोबाईल धरला. ते चेंडू बघत राहिले आणि वाटीतला भात गार होत राहिला.

रोज तेच. संध्याकाळी किरण आला की ते हपापल्यासारखे खायचे, घास घशात अडकायचा, डोळे पांढरे व्हायचे. गालफडं बसली. डॉक्टर म्हणाले, दुपारचं पोटात गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातली की ती सहसा निघत नाही. किरण मला गॅलरीत घेऊन गेला. "तू जरा गोड बोलून बघ ना," तो म्हणाला.

"मी गोड बोलले तर माझी जात बदलेल?" मी विचारलं.

त्यानं दोरीवरचा टॉवेल काढला आणि पिळायला लागला. पाऊस तिरका येत होता, दोघंही भिजत होतो. मला त्याची दया आली आणि तिचाही राग आला.

मी रोज चमचा नेत राहिले. एकदाच, तोंडाशी, मग वाटी स्टुलावर. जबरदस्ती नाही, गोड बोलणं नाही, आणि नाक दाबून भरवता आलं असतं तेही नाही. तोंड त्यांनी उघडायचं होतं. मला त्यांना जगवायचं होतं, ते चांगुलपणानं नव्हे. ते असे मिटल्या तोंडानं गेले असते तर ते कायमचे जिंकले असते, आणि ते मला सोसलं नसतं.

आज दुपारी आभाळ इतकं भरून आलं होतं की दिवसा दिवा लावावा लागला. मी भात कालवला, उशी नीट केली, चमचा नेला. आबा माझ्याकडं बघत होते. खिडकीकडं नाही, चेंडूकडं नाही, सरळ माझ्या तोंडाकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओठ थरथरले आणि सुटले. मी घास आत ठेवला. त्यांनी तो बराच वेळ नुसता धरून ठेवला, थुंकतील असं वाटलं. मग गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. दुसरा घास गेला. तिसराही गेला.

मग त्यांनी जीभ हलवली. चैत्रापासून ज्या तोंडातून नुसते आवाज येत होते, त्यातून शब्द आला, तुटका पण स्वच्छ.

"मीठ," आबा म्हणाले. "मीठ न्हाई."

घालायला मी विसरले होते. खरंच विसरले होते. मला हसू आलं, रडू आलं आणि संतापानं कान तापले, तिन्ही एकदमच. माझ्या हातचं पहिलं अन्न पोटात गेलं आणि पहिला शब्द हा, कुठल्याही सासऱ्यानं कुठल्याही सुनेला म्हणावा असा.

मिठाची वाटी स्टुलावरच होती, हाताच्या अंतरावर. आबांचे डोळे तिच्यावर जाऊन थांबले होते. मी तिच्याकडं बघितलं नाही. चमचा भरला आणि पुढचा घास तसाच, अळणी, त्यांच्या तोंडाशी नेला. आबांनी तोंड उघडलं.